टेबलापलीकडं उभं राहिल्यावर

बंबात जळण घातलं, भाकऱ्या थापल्या, लेकीची वेणी घातली आणि प्रशिक्षणाला निघाले. सत्तरच्या दशकातली ती सकाळ. माझे मालक वारले, त्यांच्या जागी मला कोल्हापुरात सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी मिळाली होती. नोकरी अजून कच्चीच होती, कायम झाली नव्हती. आज नात मोबाईलवर तिचं सरकारी प्रशिक्षण ऐकत बसली होती, म्हणून हे आठवलं.

शिकवणाऱ्या साहेबांनी सरावासाठी मला टेबलापुढं उभं करून अर्जदार केलं आणि कचेरीतल्या मुल्लाभाईंना कारकून.

मी म्हटलं, "पेन्शनचं इचारायला आलोय."

मुल्लाभाई मान वर न करता म्हणाले, "सायेब न्हाईत. उद्या या की."

सगळे हसले. मला हसू येईना. मालक गेल्यावर मी अशीच उभी राहून हे ऐकलं होतं.

मी साहेबांना विचारलं, "साहेब, अर्जदारानं उभंच राहायचं असा नियम हाय का?"

साहेब म्हणाले, "नियम नाही. रीत आहे."

"वैनी, खुर्ची दिली तर माणूस उठायचा न्हाई," मुल्लाभाई म्हणाले.

रीत कोण पाडतं, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?

दुसऱ्या दिवशी मी घरातली मालकांची खुर्ची कचेरीत नेली आणि माझ्या टेबलापुढं ठेवली.