कानामागची एक बट

केस सरळ, मऊ करायचं स्मूदनिंगचं क्रीम धुवायला घेतलं आणि केसांचा पुंजकाच माझ्या हातात आला. तुटून. मी नळ बंद केला.

खुर्चीत वैष्णवी होती. दर्यापूरची, आठ दिवसांवर लग्न. मी तेव्हा अकोल्यात एका पार्लरमध्ये नोकरीला होते. ती आईला घेऊन आली होती. केस दाट, कुरळे. विंचरले की फुगायचे. बसल्याबसल्या तिने विचारलं होतं, "ताई, मले सरळ नाई पायजे केस. फक्त फुगले नाई पायजे. घरीच काई करता येत नाई काय?"

येत होतं. माझेही केस तसेच. ओले केस टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती ओढणीने टिपायचे. कंगवा मोठ्या दातांचा, तोही केस ओले असतानाच फिरवायचा. जवस पाण्यात उकळून गाळलं की चिकट जेल निघतं, ते बोटांनी लावायचं. मी हे सांगणार, तेवढ्यात आमच्या मॅडम म्हणाल्या, "लग्नात रिस्क नको. स्मूदनिंग करून टाक."

मी क्रीमचा डबा उघडला.

हे क्रीम केसांची आतली बांधणी सैल करतं. म्हणून आधी कानामागच्या एका बटेवर लावून बघतात. त्याला स्ट्रँड टेस्ट म्हणतात.

"मॅडम, टेस्ट?"

"दोन ब्राइड वेटिंगला आहेत. केस हेल्दी आहेत, दिसत नाही का?"

मी क्रीम लावलं.

आता हातात पुंजका धरून मी तिच्या आईला विचारलं, "काकू, घरी हिच्या केसांना काही लावता का?"

"काळी मेहंदी लावतो ना, पुड्यातली. काहून?"

अशा काही मेहंद्यांमध्ये धातूचे क्षार असतात. त्यावर क्रीम पडलं की केस मोडतात.

वैष्णवी रडली नाही. आरशात बघत म्हणाली, "थोडे तं राहिले ना, ताई?"

मानेपर्यंत कापावे लागले. लग्नाच्या दिवशी दर्यापूरला जाऊन गंगावन लावून अंबाडा मीच बांधला. तिच्या आईने चहा समोर ठेवला आणि लगेच आत निघून गेली. वैष्णवी पुन्हा कधी पार्लरला आली नाही.

आता अमरावतीत माझं स्वतःचं पार्लर आहे. मॅडमना दोष देणं सोपं आहे. पण त्या फक्त टेस्ट नको म्हणाल्या होत्या. केसांना घरी काय लावता, हे गिऱ्हाइकाला आधी विचारू नकोस, असं मला कोणीच सांगितलं नव्हतं.