उजव्या दारावरची पट्टी

सिराजभाई डेंटर यांना माणसांपेक्षा पत्रा बरा वाटे. पत्रा ठोकला की सरळ होतो, एवढंच कारण ते देत.

भवानी पेठेत लाकूड बाजाराच्या मागे गाड्यांचे पोचे काढायची त्यांची शेड होती. शेडला पाटी नव्हती. सिराज डेंटर कुठे बसतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या गाडीला हात लावायची आपल्याला गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. वय चौसष्ट. ऐकू कमी येई, पण फक्त गिऱ्हाईक बोलत असताना. पोचा आलेल्या मडगार्डावर बोटं फिरवत ते अर्धा अर्धा तास उभे राहत आणि मग गाडीच्या मालकाकडे असं बघत, की त्यानं ती गाडी कुणाकडून तरी चोरून आणली असावी.

तुच्छतेच्या बाबतीत त्यांच्याकडे व्यवस्था होती. रंगारी खालच्या पायरीवर, कारण ते डेंटरच्या पापावर पांघरूण घालतात. त्याहून खाली पुट्टी भरणारे. हल्लीच्या गाड्या तर ते गाड्यांमध्ये धरतच नसत. मांजर बसलं तर टपाला खड्डा पडतो, म्हणत. आणि सगळ्यात तळाला चिकटपट्टीवाले. म्हणजे बिबवेवाडीकडचे ते काचेच्या दुकानांतले सजावटवाले, जे गाडीच्या दारांवर चकचकीत पट्ट्या टेपनं चिकटवून देतात, वर आरशाला अत्तराची बाटली टांगतात. त्यांना सिराजभाई ‘बिंदीवाले’ म्हणत. त्यातल्या इम्तियाज नावाच्या एका तरुण दुकानदाराला त्यांनी एका लग्नात, बिर्याणीच्या ताटावर, चारचौघांत सांगितलं होतं, “तू गाड्यांचा धंदा करत नाहीस, ब्यूटी पार्लर चालवतोस.”

या व्यवस्थेतून सुटलेला माणूस एकच, त्यांचे वडील करीम. त्यांच्याबद्दलही सिराजभाई कधी चांगलं बोलत नसत. वाईट बोलत नसत, इतकंच. जाणकारांनी त्यातून काय ते समजायचं.

तर अशा माणसाकडे एका बुधवारी सकाळी हिंजवडीचे मच्छिंद्रशेठ आपली पिकअप घेऊन आले.

मच्छिंद्रशेठांच्या वडिलांची, सर्जेरावांची, जमीन जिथे होती तिथे आता संगणकाच्या कंपन्यांच्या बारा मजली काचा आहेत. त्यामुळे मच्छिंद्रशेठांना काम नव्हतं आणि छंद करणं भाग होतं. आधी बैल झाले, मग कुत्री झाली, आता जुन्या गाड्या. गोठ्यात सर्जेरावांची जुनी अमेरिकन पिकअप पडून होती. तिचं इंजिन कुठूनतरी जिवंत करून घेतलं होतं आणि तिला शेंदरी रंग फासला होता. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं होतं. ड्रायव्हरशेजारी मच्छिंद्रशेठांच्या आई, आनंदीबाई, बसल्या होत्या. त्यांना पुढे मंडईत जायचं होतं आणि तोवर त्या खाली उतरायला तयार नव्हत्या.

“भाई, अमेरिकेवरनं माल आलाय,” मच्छिंद्रशेठ म्हणाले आणि मागच्या हौद्यातून त्यांनी लांबलचक खोकं काढलं.

खोक्यात पट्ट्या होत्या. जुन्या पट्ट्यांच्या साच्यावरून नव्यानं केलेल्या, चांदीसारख्या चकाकणाऱ्या, दारांच्या आणि मडगार्डांच्या बाजूनं आडव्या बसवायच्या. सिराजभाईंनी एक उचलली, वाकवून पाहिली, नखानं टोकरली.

“प्लास्टिक.”

“वरनं क्रोम हाय ना पण.”

“हां. वरनं आहे. माप घेऊन मागवल्या?”

“माप कशाला? आरशी बुक हाय की. बासष्ट सालची गाडी. साल टाकलं, माल आला.”

सिराजभाई गाडीभोवती एक चक्कर मारून आले. त्यांना काही बघायचं नव्हतं. हसू आवरायचं होतं. ही पिकअप चोपन्न-पंचावन्नच्या सुमाराची. लष्करासाठी आलेली, तिथे झिजलेली आणि मग लिलावात निघालेली. लिलावाच्या गाडीचं जन्मसाल घेणाऱ्यालाही ठाऊक नसे आणि विचारणाऱ्यालाही. ज्या साली पासिंग होई ते साल नोंदणीच्या आरसी बुकात पडे. सर्जेरावांनी ती बासष्टला आपल्या नावावर केली, म्हणून ती बासष्टची. आणि लष्कराच्या गाडीला पट्ट्या कुठल्या? तिच्या दारांना पट्टीसाठी एक भोकही नव्हतं.

“शेठ, हिला ही पट्टी नव्हतीच कधी. भोकं कुठे आहेत?”

“नाय तर पाडा. एका दाराला नऊ लागत्यात. मी व्हिडिओ बघितलाय.”

“सरकारी कागदावर बासष्ट आहे म्हणून?”

“मग? कागद खोटा आसंल काय?”

आतून आनंदीबाई बोलल्या. “त्या गाडीतनं तुज्या बापानं शेण वाहिलं न् तू तिला पैंजण घालाया निगालास.”

“आई, तू गप बस. हेरिटेज हाय हे.”

“आन् ह्या दाराला भोकं पाडू नगंस. हे सिराजच्या बापानं केल्यालं दार हाय. कात्रजच्या घाटात ट्रकनं उजवं दार फाडून नेलं, तवा करीमचाचांनी नवं करून दिलं. तुज्या बारशाच्या आधी.”

हे सिराजभाईंना सांगायची गरज नव्हती. ते दार गाडी बोळात वळली तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. एकाहत्तर साली अब्बांनी जुन्या बाजारातून डांबराचं एक रिकामं पिंप आणलं होतं, ते उलगडून, तापवून, ठोकून त्याचं हे दार केलं होतं. कडेची घडी घालायलाच तीन दिवस लागले. सिराजभाई तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि त्यांना पिंपाच्या आतलं डांबर खरवडण्याखेरीज कशालाही हात लावायची परवानगी नव्हती. अब्बांच्या हातचं आता एवढंच काय ते कुठे फिरत असेल. बाकी सगळं भंगारात गेलं होतं.

मच्छिंद्रशेठांचा चेहरा मात्र पडला. “म्हंजी हे दार डुप्लिकेट हाय?”

सिराजभाईंनी हातातली पट्टी खोक्यात ठेवली. ती आपटली नाही, यात त्यांचा सगळा संयम खर्च झाला.

“मग तर काय प्रश्नच मिटला,” मच्छिंद्रशेठ म्हणाले. “डुप्लिकेटच हाय तर नऊ भोकांचं काय यवढं? तुमाला जमत नसंल तर सांगा. बिबवेवाडीला अर्ध्या तासात करून देत्यात.”

ते देतील, हे सिराजभाईंना माहीत होतं. ड्रिल लावतील, पत्रा फाटला तर पुट्टी भरतील, आणि वर चहा पाजतील.

“ठेवून जा,” ते म्हणाले.

डावं दार कंपनीचं होतं. जाड पत्रा, यंत्रावर दाबलेला, त्यामागे कुणाचाच हात नाही. त्याला सिराजभाईंनी नऊ भोकं पाडली आणि पट्टी बसवली. कंपनीचं काय बिघडायचं ते बिघडो. मग ते उजव्या दारासमोर स्टूल घेऊन बसले. दुपार झाली, चहा गार झाला. बायकोनं, सकीनाबींनी, डबा घेऊन पाठवलेला शेजारी तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षानं बिबवेवाडीला गेले.

इम्तियाजनं त्यांना काचेतून पाहिलं आणि स्वतः दार उघडलं. “चाचा! रस्ता चुकलात?”

“टेप पाहिजे.”

“कसली टेप?”

“ती तुमची. दोन्हीकडून चिकटणारी.”

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. इम्तियाजनं आवाज जरा वाढवला. “म्हणजे ब्यूटी पार्लरवाली?”

“तीच.”

“बसा ना, चाचा. आधी दार स्पिरिटनं पुसायचं बरं का. बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागतं. पट्टी एकदाच ठेवायची, हलवायची नाही. मग दाबून धरायची. चोवीस तास पाणी नको. जमेल? का मी येऊ?”

चाळीस वर्षं ज्यांनी कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्या सिराजभाईंनी हे सगळं ऐकलं. एक गोष्ट तर दोनदा विचारून घेतली. पैसे इम्तियाजनं घेतले नाहीत. ते घेतले असते तर बरं झालं असतं. निघताना तो म्हणाला, “चाचा, अत्तराची बाटली देऊ एक?”

पट्टी बसली. बाहेरून दोन्ही दारं सारखी दिसत होती, म्हणजे सारखीच वाईट दिसत होती. मच्छिंद्रशेठ बेहद्द खूश झाले आणि म्हणाले, प्रदर्शनाला तुमीबी चला, काय निखळलं तर हाताशी असावं. सिराजभाई गेले. ते पट्टीसाठी नाही गेले.

मैदानावर शंभरेक जुन्या गाड्या आणि त्यांच्यापेक्षा जुने असल्यासारखे वागणारे त्यांचे मालक जमले होते. कुणी धोतर नेसलं होतं, कुणी गळ्यात दुर्बीण अडकवली होती. परीक्षक म्हणून सरोजिनीबाई होत्या, निवृत्त प्राध्यापिका. साडीखाली पळायचे बूट, हातात टॉर्च. त्या मच्छिंद्रशेठांच्या पिकअपसमोर थांबल्या आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. जे दिसतंय ते चष्म्यामुळे असावं, अशी त्यांना आशा असावी.

“ही पट्टी कुणी सुचवली?”

“ओरिजिनल अमेरिकन हाय, मॅडम. इंपोर्टेड.”

“अमेरिकन आहे, दिसतंय. अहो, ही गाडी चोपन्न-पंचावन्नची, लष्करातली. पट्टी बासष्टची, शौकीन लोकांच्या मॉडेलची. हे लग्न कुणी जमवलं?”

“आरशी बुकात बासष्ट हाय ना, मॅडम. सरकारी कागद हाय.”

“माझ्या रेशनकार्डावर माझं वय एकोणतीस आहे. धरता का खरं?”

त्यांनी डावं दार उघडलं, आतल्या फटीतून टॉर्च मारला. पट्टीच्या नऊ खिळ्यांची नऊ शेपटं आत आलेली होती. “हे दार मागाहून आणून बसवलेलं. दुसऱ्याच कुठल्या गाडीचं. भोकं बघा ना.” वहीत काहीतरी खोडलं. मग त्या उजवीकडे आल्या. टॉर्च मारला. आत स्वच्छ. त्यांनी बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला, कान लावला, पुन्हा वाजवला, आणि कडेच्या घडीवरून अंगठा खालपर्यंत फिरवत नेला.

“हे मात्र अस्सल. कंपनीचं. असा पत्रा आता मिळत नाही. आणि ही घडी बघितलीत? अशी घडी हातानं येत नाही.”

डांबराच्या पिंपाला या बाईंनी अमेरिकेत जन्माला घातलं होतं. सत्तर वर्षांचं शिक्षण, वर टॉर्च, आणि तरी कळलं नाही. सिराजभाईंना बाईंची अमर्याद कीव आली, आणि त्या किवेच्या खाली दुसरं काहीतरी हललं; त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

“कारागीर तुम्ही का?” बाई त्यांच्याकडे वळल्या. “खरं सांगायचं. या उजव्या दाराला कधी हात लावलात?”

मच्छिंद्रशेठ बाईंच्या पाठीमागे उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडले होते आणि डोळ्यांनी ते जे काही म्हणत होते ते बैलाच्या बाजारातही कुणी इतकं स्पष्ट म्हणत नाही.

करीम डेंटर, भवानी पेठ. एवढंच बोलायचं होतं. बोललं की बाई वहीत खोडणार, दार पुन्हा डुप्लिकेट होणार, आणि सोमवारी बिबवेवाडीत त्याला ड्रिल लागणार.

“नाही, बाई,” सिराजभाई म्हणाले. “त्या दाराला हात लावायची माझी लायकी नाही.”

“असं बोलणारे कारागीर राहिले नाहीत हो,” बाई म्हणाल्या, आणि सिराजभाईंनी त्यांना चिकटपट्टीवाल्यांच्याही खालच्या पायरीवर नेऊन बसवलं.

मच्छिंद्रशेठांना मूळ भाग जपल्याबद्दल उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. ते हातात पडताच त्यांनी पहिलं काम सांगितलं, ती उजवी पट्टी काढा. सिराजभाईंनी खिशातून शिवणाचा दोरा काढला, पट्टीच्या मागून करवतीसारखा ओढत नेला आणि ती उतरवली. दारावर ओरखडासुद्धा नव्हता. दोरा ते घरूनच घेऊन आले होते.

परतताना मच्छिंद्रशेठ एका हातानं गाडी चालवत होते आणि दुसऱ्या हातात प्रशस्तिपत्र होतं. विद्यापीठाच्या चौकात ते सिग्नलला थांबले. मग म्हणाले, “भाई, आई आता म्हातारी झाली. कायबी बोलती. दार कंपनीचंच हाय. हाय ना?”

“हाय,” सिराजभाई म्हणाले.

“ह्या दाराला आता कुणाचा हात लागू द्यायचा नाय. पुसायचं तर मीच पुसणार.” सिग्नल सुटला. “पण त्या डाव्याचं काय? मॅडमनी डुप्लिकेट म्हणून सांगितलं. लोक हसतील. तुमी आसं करा, ते काढून टाका. आन् ह्या उजव्यासारखं आस्सल एक करून द्या. हाताशी नमुना हायेच. जमंल?”

सिराजभाई खिशातला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मच्छिंद्रशेठांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही.

घरी सकीनाबींनी विचारलं, “काय झालं तुमच्या दाराचं?”

“अब्बांना सर्टिफिकेट मिळालं.”

“त्यांच्या नावाचं?”

“मच्छिंद्रच्या.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“लायकी नाही म्हणालो.”

“हे बरं केलंत,” सकीनाबी म्हणाल्या. “एकदा तरी.”

बुधवारी सकाळी सिराजभाई जुन्या बाजारात गेले. पिंपांच्या ढिगापाशी सर्वांना नावं ठेवत तासभर उभे राहिले. हे पातळ, ते गंजलेलं, याला पत्रा म्हणतात का. विकणारा म्हणाला, “चाचा, घ्यायचंय का नुसतं शिव्या द्यायच्यात?” त्यांनी एक डांबराचं पिंप आडवं केलं, पेरानं वाजवलं, कान लावला. मग त्याच्या शेजारचंही बाजूला काढायला लावलं.

“दोन कशाला?” विकणाऱ्यानं विचारलं.

“एक बिघडवायला,” सिराजभाई म्हणाले. अब्बांनी एकच नेलं होतं.