सही होईपर्यंत

माझी मावशी कचऱ्याचा माल करायची, तोही एका सहीने. आमच्या कारखान्यात जुने कपडे फाडून, पिंजून गाद्यांत भरायचा कापूस करतात. त्याची गासडी बांधली तरी कायद्याच्या लेखी ती कचराच. नमुना स्वच्छ निघाला, त्यात अपायकारक काही नसलं आणि घेणाऱ्याची मागणी लेखी आली, की मावशी सही करणार आणि त्या क्षणापासून गासडी माल. तोवर ती ज्यांनी ते कपडे अंगावर घातले त्यांचीच, असं आमचे कामगार म्हणत.

आणि ते थट्टेने म्हणत नसत. सही व्हायच्या बाकी असलेल्या गासड्या मागच्या खोलीत ठेवतात. तिथे भरदुपारीही कुणी एकटं जात नाही. आत कुणी शिंकतं, कुणी गुणगुणतं. सही झाली की सगळं चिडीचूप. मी फोर्कलिफ्ट चालवते. तिथे शिरताना माझी पाचावर धारण बसायची. मावशीला काडीची भीती नव्हती. "बोलू दे बापड्यांना. तू ओलावा किती आलाय ते सांग," म्हणायची.

काका गेल्यावर ती त्यांच्या कपाटासमोर बसून रडायची. मला बघवेना. एका दुपारी मी कपाट रिकामं केलं आणि कपडे कोपऱ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकले. ती पेटी कुठे रिकामी होते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण तेव्हा डोकं गहाण ठेवलं होतं.

तीन आठवड्यांनी मागच्या खोलीत काका खोकले. दोनदा कोरडं, मग घसा खाकरला. मावशीच्या हातातला नमुना खाली पडला.

तिने गासडी नापास करून पुन्हा पिंजायला पाठवली. गासडी परत आली तेव्हा खोकला तुटक तुटक येत होता. त्यानंतर मावशीने यंत्राचं नाव काढलं नाही, नुसती सही अडवून ठेवली. जेवणाच्या सुट्टीत ती तिथेच बसू लागली.

"मावशी, बाहेर चल ना," मी म्हटलं.

"थांब गं. त्यांना एकटं वाटतं."

पण सही न झालेला कचरा तीन महिन्यांपलीकडे ठेवता येत नाही, तो भट्टीत जातो. शेवटच्या दिवशी ती गासडीला टेकून बराच वेळ उभी राहिली. "जाळायचं नाही यांना. सुटू देत एकदाचे," म्हणाली आणि सही केली. मला तिचं कौतुक वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

मी गासडी ट्रकवर चढवली आणि दोर आवळायला वर गेले. इंजिन सुरू होतं. मावशी लांब, दाराशी उभी होती. तिथूनच तिने ओरडून विचारलं, "शांत झाले ना गं?"

माझ्या कानापासून वीतभर अंतरावर काका खोकले. मग हळूच म्हणाले, "कुठे पाठवतेस मला?"

"हो मावशी," मी ओरडले, "अगदी शांत." आणि ट्रकवाल्याला निघायची खूण केली.