टवके उडवलेली गिटार

आमच्या बेंजो पार्टीत बेस गिटार वाजवणारे आम्ही दोघे होतो, आणि समोरच्याला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही यावर आम्हा दोघांचं एकमत होतं. मी रोह्याचा, धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये राबणारा. तो पेणचा, घरचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. माझी सेकंड शिफ्ट असली की हळदीच्या कार्यक्रमाला तो वाजवायचा, नसली की मी. बेस म्हणजे जाड तारांची ती मोठी गिटार, जिचा आवाज कानापेक्षा पोटाला जास्त कळतो. निदान आम्ही तरी सगळ्यांना असं सांगायचो. आमच्या कीबोर्डवाल्याच्या मते तो आवाज आम्हा दोघांशिवाय कुणाच्या कुठल्याच अवयवाला कळत नव्हता.

माझ्या या पेणच्या मित्राला सगळं जुनं हवं. वय तिशीचं, पण "पूर्वीच्या बेसचा आवाज आता राहिला नाय," असं उसासा टाकून म्हणायचा. त्याचं 'पूर्वी' म्हणजे मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ. त्यानं जुन्या धाटणीची एक गिटार मागवली होती. चार तारांची, तपकिरी, पाट्यावरवंट्याइतकी जड, आणि कोरी करकरीत. हाच त्याला तिचा दोष वाटला. मग त्यानं पॉलिश पेपर घेऊन हात घासतो तिथला रंग काढला. सायकलच्या चेनीनं कडांचे टवके उडवले. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीला कोऱ्या चहाचे हात दिले, म्हणजे ती पिवळट दिसेल. दिवसभर कारखान्यात मूर्तींचे टवके बुजवायचे आणि संध्याकाळी घरी बसून गिटारचे टवके उडवायचे, असा महिनाभर त्याचा उद्योग चालला होता.

माझी गिटार त्याच्या अगदी उलट. पाच तारांची, काळी, हलकी, आणि वर डोकंच नसलेली. तारा पिळायच्या खुंट्या खालच्या टोकाला. पोटात बॅटरी आणि आवाज फिरवायला चार बटणं. त्यातलं एक बटण काय करतं ते मला आजही माहीत नाही, पण वादात मी चारही मोजायचो.

आमचे वाद व्हायचे ते कार्यक्रमावरून येता-जाता, खांब गावच्या एका टपरीवर.

"लाकूड बोलतं लाकूड," तो म्हणायचा. "तुझ्या गिटारीत लाकूड हाय कुठं? ती गिटार नाय, मिक्सर हाय."

"आणि तुझी? काल जन्मली आणि आज म्हातारी. केस पिकवून घेतलेत बाईनं."

"अरे, डोकं तरी हाय तिला. आमच्या गणपतीलापण डोकं दुसऱ्याचं का व्हईना, पण हाय!"

यावर उत्तर सापडलं की त्याला फोन करायचा असं मी ठरवून ठेवलं होतं. मग तो बॅटरीवर घसरायचा. माझ्या गिटारीला वायर लावून ठेवली की ती वाजवा न वाजवा, आतली बॅटरी पीत राहते. "बेवड्यासारखी पिते," तो टपरीवाल्याला सांगायचा. टपरीवाला बिचारा मान डोलवून दोघांपुढेही चहा ठेवायचा.

हे सगळं गमतीत चाललं होतं तोवर ठीक होतं. मग मास्तरांनी नवे स्पीकर घेतले. मास्तर म्हणजे पार्टीचे मालक, बेंजो तेच वाजवतात. स्पीकर एवढे मोठे की टेम्पोत माणसं कमी करायची वेळ आली. मास्तर म्हणाले, "या सीझनपासून बेस एकच, कायमचा. आलटून-पालटून बंद. निडी गावच्या हळदीला अर्धा कार्यक्रम हा वाजवेल, अर्धा तो. मग मी ठरवतो."

मला ती जागा हवी होती. मनापासून हवी होती. कंपनीत मी म्हणजे पिवळं हेल्मेट आणि मास्क, त्यामागचा माणूस कोण हे सुपरवायझरलाही जवळ आल्यावरच कळतं. मांडवात मात्र माझ्या गळ्यात गिटार असते आणि बायका मला बघून पदर सावरतात. त्या मला बघून सावरत नाहीत, कॅमेरा बघून सावरतात, असं बायको म्हणते. तिचं म्हणणं मी सोडून देतो. ती जागा गेली असती तर माझ्यापाशी शिफ्टशिवाय दुसरं काही उरलं नसतं, आणि या भीतीनं मी जे केलं ते आता सांगतो.

निडीची हळद शनिवारी होती. आदल्या रविवारी मास्तरांच्या ओटीवर सराव झाला. मला शिफ्ट गाठायची होती, म्हणून गिटार भिंतीला टेकवून मी तसाच पळालो. शनिवारी सामान तिथूनच टेम्पोत चढणार होतं. गुरुवारी सुट्टी होती. मित्राकडे माझा गिटारचा पट्टा राहिला होता, तो आणायला पेणला गेलो. तो कारखान्यात नव्हता, रंग आणायला बाहेर गेला होता. त्याची आत्या होती.

ही आत्या म्हणजे त्या कारखान्याचं दुरुस्ती खातं. मूर्तीचं बोट तुटो, कान उडो, कडेची कपची निघो, सगळं आधी आत्यापुढे येतं. ती पुट्टी भरते, घासते, रंग मारते, आणि तुटलं कुठं होतं ते तिचं तिलाही सापडत नाही. टवका उडालेलं काही या दारातून बाहेर गेलं नाही, हा तिचा अभिमान. मी गेलो तेव्हा तिच्यापुढे पाटावर मित्राची गिटार आडवी होती आणि आत्या कपाळाला हात लावून बसली होती.

"बघ ना रे, काय दशा केली हिची! पोरानं कुठं आपटली काय माहीत. शनिवारी चारचौघांत ही घेऊन जाणार? करू काय नीट?"

मी तोंड उघडलं तेव्हा खरं तर 'नको' म्हणणार होतो. महिनाभराची त्याची घासाघीस मला माहीत होती. पण त्या अर्ध्या क्षणात मला मांडव दिसला, मास्तर दिसले, आणि माझ्या तोंडून निघालं, "करा की आत्या. खूश होईल तो."

पट्टा घेऊन मी स्टेशनवर आलो. गाडीत मला दोनदा हसू आलं. लाज निडीला वाटली.

शनिवारी पहिली शिफ्ट करून मी थेट मांडवात पोहोचलो. तो आधीच आला होता. त्यानं गिटारवरची चादर काढली आणि कीबोर्डवाल्याच्या हातातला वडा तसाच राहिला. आत्यानं काही कमी ठेवलं नव्हतं. एकूण एक टवका बुजवलेला. वर स्प्रे गननं पितांबरी पिवळा, कडेला सोनेरी बॉर्डर, आणि बॉर्डरवर खड्यांची माळ. चहा पाजलेली पट्टी पुन्हा दुधासारखी पांढरी. गौरीपुढे ठेवली असती तर शोभली असती.

"आत्यानं केलंय," एवढंच तो म्हणाला. मी बूट बघत राहिलो.

आधी माझी पाळी. दोन गाणी छान गेली. तिसऱ्या गाण्यात आवाज खरखरला, घोगरा झाला, आणि बसला. बॅटरी खलास. बाजारातून कुणी आणेपर्यंत हळद उतरली असती. मी तारा छेडत राहिलो, चारही बटणं फिरवली, ते चौथंसुद्धा. नवऱ्याच्या मावश्या तशाच नाचत होत्या. अख्खं गाणं बेसशिवाय गेलं आणि मांडवात कुणाला फरक पडला नाही, हे मास्तरांच्या आधी माझ्या लक्षात आलं. मास्तरांनी नुसतं वळून पाहिलं आणि बोटानं मला खाली बोलावलं.

मग तो चढला, आणि दिव्याखाली ते खडे लखलखले. पोरीबाळी मोबाइल काढून पुढे आल्या. नवऱ्याची आजी काठी टेकत आली, गिटारला हात जोडले आणि बोटभर हळद तिच्या सोनेरी कडेला लावून गेली. मास्तर खुशीत. कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "हा फिक्स. स्टेजवर कायतरी दिसतं तरी."

जुनं हरलं, नवं हरलं, आणि पितांबर जिंकला. तोही माझ्याच शब्दानं रंगलेला.

सीझनभर तो वाजवत होता आणि मी शिफ्ट करत होतो. मे संपता संपता मला राहवलं नाही. पेणला गेलो. तो मूर्तींचे डोळे आखत बसला होता. मी बाजूला बसलो आणि सांगून टाकलं, की त्या दिवशी आत्याला 'करा' म्हणालो तो मीच.

त्यानं हातातला डोळा पूर्ण केला. "माहीत हाय. आत्यानं त्याच दिवशी सांगितलं. कौतुकानं सांगितलं, तुझा दोस्त किती काळजी करतो म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? रविवारी तू सरावावरून पळालास तेव्हा तुझ्या गिटारला वायर तशीच होती. ओटीवर शेवटी मीच होतो. वायर बघितली आणि चप्पल घालून निघून आलो." त्यानं ब्रश पाण्यात बुडवला. "मलापण ती जागा पायजे होती. बापाला मूर्तींशिवाय काय कळत नाय, त्याच्यापुढं गिटार घेऊन बसायला दुसरं कारण काय हाय माझ्याकडं? तुझ्या चार दिवस आधी केलं मी. फिटंफाट."

वाईट वाटायला हवं होतं, पण मला फार हलकं वाटलं. एवढी वर्षं एकमेकांचं काहीच न पटणाऱ्या माणसांनी हरामखोरी मात्र अगदी एका मापाची केली होती.

गिटार भिंतीला टेकलेली होती. सीझनभर हात घासून कोपर टेकतं तिथला पिवळा रंग खरोखरीचा झिजला होता, खालचं तपकिरी लाकूड दिसत होतं. पॉलिश पेपर नाही, चेन नाही. त्याला हवी होती तशीच ती आपोआप होत चालली होती. तेवढ्यात आतून आत्या आली, तिची नजर बरोबर तिथेच गेली, आणि तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "बघ, परत गेला रंग. करू काय रे नीट?"

"ज्याची आहे त्याला विचारा आत्या," मी म्हणालो.

त्यानं त्या झिजलेल्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला. मग आत्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिटार उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"कर गो आत्या. पण चमक जरा कमी ठेव."

"कमी कशाला?" आत्या म्हणाली आणि तिनं सोनेरीची बाटली ओढली.