खुंटीकडे पाठ करून

आमच्या घरी आजही सांगितले जाते, की नातीला वेणी तिच्या मावशीने शिकवली. हे खोटे आहे. शिकवणारा मी होतो.

तिरोड्याला वीजप्रकल्पाचे बांधकाम चालू होते. मुलगा आणि सून पहाटेच कामावर निघत, म्हणून नातीला देवरीकडच्या वसतिगृहात ठेवायचे ठरले. तेथील अधीक्षिकाबाईंनी बजावले होते, की जिला स्वतःच्या दोन वेण्या घालता येणार नाहीत, तिचे केस कापले जातील. पोर पाचवीतली, केस कमरेपर्यंत, आणि आजवर ते आईनेच विंचरलेले.

मी उभा जन्म बैलांच्या वेसणी गुंफल्या. तीन पेड म्हणजे तीन पेड, मग अंबाडीचा वाख असो की केस. खुंटीला अंबाडी बांधून तिला समोर बसवले. वेसण तिला लवकरच जमली. पण हात मानेमागे गेले की सारे उलटे. खुंटीवरचे काम डोळ्यांसमोर असते, स्वतःची वेणी पाठीमागे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. मला जेवण जाईना.

"आबाजी, मले टकलीच धाडून द्या," पोर म्हणाली.

सून म्हणते, तेव्हा मी पोरीवर ओरडलो. मी अंबाडीवर ओरडलो. मग तिला खुंटीकडे पाठ करून उभे केले आणि न पाहता गुंफायला लावले. तेव्हा कुठे बोटांना समज आली. मावशी त्यानंतर आली. तिने भांग पाडायला आणि रिबीन बांधायला शिकवले, एवढे मान्य.

भेटीच्या पहिल्या रविवारी फाटकाशी आधी आलेल्या पोरींचे केस कापलेले दिसले. मी येणाऱ्या प्रत्येकीच्या मानेमागे पाहू लागलो. नात सर्वांत शेवटी आली. दोन्ही वेण्या शाबूत, पण रुंद, चपट्या.

"हे काय आहे?"

"चार पेडांची हाये. खोलीतल्या पोरीनं शिकवली. तुमची जुनी झाली, आबाजी."

"आणि बाई?"

"रोज तपासून राहिल्या. कैची टेबलावरच असते."

मुलगा सांगतो, परतीच्या बसमध्ये मी रुसून बसलो होतो. मी रुसलो नव्हतो. चौथा पेड वरून जातो की खालून, हे मनात जुळवत होतो. एखाद्या सकाळी तो चुकला, तर तिला सांगणार कोण?