मुंग्यांसकट भामरागड

"गाडी विकून टाक, पण त्याच्या आधी एकदा भामरागडले जाऊन येऊ," आई म्हणाली. ती मेथी निवडत होती आणि बोलताना तिने मान वर केली नाही. बाबा गेल्यापासून तिने स्वतःहून काही मागितलं ते हे पहिलंच. मी त्याच दिवशी रजा टाकली.

ही गाडी म्हणजे भंगारात निघालेल्या स्कूल व्हॅनचं बाबांनी केलेलं फिरतं घर. बाबा माजरीच्या कोळसा खाणीत वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी या व्हॅनमध्ये प्लायवूडचा पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं सगळं स्वतःच्या हाताने बसवलं. उन्हाळ्यात आत भट्टी होऊ नये म्हणून पत्रा आणि प्लायवूडच्या मध्ये थर्माकोल भरला. त्यांना आईला भामरागडचा संगम दाखवायचा होता. गाडी तयार झाली तेव्हा पाऊस लागला होता आणि पावसाळ्यात तिकडचे रस्ते पुराने तुटतात, म्हणून दिवाळीनंतर जाऊ असं ठरलं. दिवाळी यायच्या आतच बाबा गेले. दुपारी चहा प्यायले, खुर्चीवरून उठले आणि बैठकीतच कोसळले.

नागपूरच्या एका जोडप्याला गाडी पसंत पडली होती. मार्चअखेर ताब्यात देतो असं त्यांना कळवलं आणि मार्च लागताच आम्ही मायलेकी निघालो. चालवणारी मी. आईच्या मते मी गाडी कमी आणि हॉर्न जास्त चालवते.

वाट सांगून ठेवते. माजरीहून भद्रावती, चंद्रपूर, पुढे बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि मग भामरागड. चंद्रपूरपर्यंत कोळशाच्या ट्रकांमागे धूळ खात जावं लागतं. भाजी, किराणा, औषधं चंद्रपुरातच घ्या, पण जुन्या शहरात, परकोटाच्या आत मोठी गाडी नेऊ नका. मी नेली. एका ऑटोवाल्याने मला गाडी मागे घ्यायला लावता लावता इतकं ज्ञान दिलं की आरसे बघायची गरजच उरली नाही. बल्लारपूर मागे पडलं की हवा बदलते. दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला असतो. आई खिडकीतून बघत होती.

गोंडपिपरीच्या पुढे एका झाडाखाली चहा टाकला आणि साखरेच्या डब्याचं झाकण काढलं. आत साखर कमी आणि मुंग्या जास्त. काळ्या, बारीक, घाईच्या. ओट्यावर एक रांग, पलंगाच्या कडेने दुसरी. माझं डोकंच फिरलं. गाडी विकायची होती, आणि मुंग्यांनी भरलेलं घर कोण घेणार?

"राहू दे ना, काय करून राह्यल्या त्या?" आई म्हणाली.

"साखर खाऊन राह्यल्या," मी म्हटलं आणि फडकं उचललं.

ज्यांना अशी गाडी घेऊन फिरायचंय त्यांच्यासाठी, मुंग्यांवर मी काय काय केलं ते सांगते. साखर, गूळ, बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यांत भरली. ओटा व्हिनेगरच्या पाण्याने पुसला, कारण मुंग्या एकमेकींच्या वासावर चालतात आणि वास पुसला की रांग मोडते. फटींत हळद दाबली. गाडी उभी करताना टायर गवतात किंवा फांदीला टेकणार नाही असं पाहिलं. कपडे वाळत घालायची दोरी झाडाला बांधणं बंद केलं, कारण मुंग्यांना ती म्हणजे पूलच. आणि दाराच्या चौकटीवर, पलंगाभोवती मुंग्यांच्या खडूची जाड रेघ ओढली.

आलापल्लीला पहिला मुक्काम. तिथलं जुनं सागाचं जंगल बघायला जाच. झाडाच्या बुंध्याला मिठी मारली तर हात एकमेकांना भेटत नाहीत. गावात खानावळीत दोघींचं जेवण दोनशेच्या आत झालं, भात आणि झणझणीत अंड्याची रस्सा भाजी. आईने अर्धा भात तसाच ठेवला. बाबा गेल्यापासून तिचं जेवण असंच झालं होतं. मी रागावले, मग रागावल्याचं वाईट वाटलं, मग परत रागावले.

सकाळी खडूची रेघ पुसलेली होती. मी परत ओढली. आंघोळ करून येते तर परत पुसलेली, आणि मुंग्या मजेत ये-जा करत होत्या. मी पण हट्टाला पेटले. बाजारातून बोरिक पावडर आणली, साखरेच्या पाकात कालवून गोळ्या केल्या. मुंग्या ही गोळी वारुळात नेतात, सगळ्यांना वाटतात आणि सगळंच्या सगळं वारूळ संपतं. गोळ्या झाकून ठेवल्या आणि हात धुवायला नळावर गेले. परत आले तर आतून आईचा आवाज येत होता. हळू, समजुतीचा.

"अजी, बाजूले व्हा जरा. इथी पाय पडते माझा."

मी पायरीवरच थांबले. आमच्या घरात 'अजी' एकाच माणसाला होतं. आईने बाबांचं नाव कधी घेतलं नाही. भाजीत मीठ कमी असो की दारात पाहुणे, हाक एकच, अजी.

आत डोकावले तर आई पलंगाशी उकिडवी बसली होती. एका हातात पदराचं टोक, त्याला खडूची पांढरी भुकटी लागलेली. दुसऱ्या हाताने ती पलंगाखालच्या फटीपाशी कणीक आणि साखरेची चिमूट सोडत होती. मला पाहून ती दचकली नाही. तिच्या चेहऱ्यावर फक्त थकवा दिसला.

"आई, हे काय?"

"तुले सांगितलं तर हसशीन तू."

मी हसले नाही. तिने सांगितलं ते असं. बाबा गेले त्या दिवशी, आमच्याकडे करतात तसं, जिथे प्राण गेला त्या जागेवर तांदळाचं पीठ पसरून, दिवा लावून वर टोपली झाकली होती. सकाळी टोपली उचलून पिठात कोणाचं पाऊल उमटलंय ते बघतात. ज्याचं पाऊल, तो जन्म गेलेल्या माणसाने घेतला असं मानतात. आत्याने बघितलं आणि म्हणाली, पाखराचा पाय आहे. सगळ्यांना बरं वाटलं. मलासुद्धा वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

"टोपलीखाली पाखरू जाईन काय?" आई म्हणाली. "मुंगीची वाट होती पिठातून. अशी बारीक, सरळ. मी पाह्यली. बोलली नाई. सारे लोक पाखराच्या नावाने खुश होते, मी काऊन मोडू? मंग तेरवी झाली अन् त्यायच्या गाडीत मुंग्या निंगाल्या. घरात नाई, शेजारी नाई. त्यायच्याच गाडीत."

म्हणजे मुंग्या दोरीवरून आल्याच नव्हत्या. त्या कितीतरी महिन्यांपासून माजरीलाच गाडीत राहत होत्या आणि आई त्यांना जेवू घालत होती.

"अन् आता तू विकून राह्यली गाडी," ती म्हणाली. "ते नागपूरचे लोक औषध मारतीन. मी काय सांगू त्यायले, मारू नका म्हणून? कोण आयकीन माझं?"

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. थर्माकोलमध्ये मुंग्या घर करतात, त्याला पुनर्जन्म लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण झाकलेल्या त्या गोळ्या मी तिथून उचलल्याच. मी त्या कागदात गुंडाळून लांब खड्ड्यात पुरल्या आणि बराच वेळ नुसती साबणाने हात धूत राहिले.

आलापल्लीत डिझेलची टाकी पूर्ण भरून घ्या, पुढचा भरवसा नाही. भामरागडचा रस्ता जंगलातून जातो. मोबाईल अधूनमधून मुका होतो आणि मोहाच्या फुलांचा गोडसर वास काचा बंद असल्या तरी आत येतो. वाटेत बायका टोपल्या घेऊन मोह वेचत होत्या. मी खड्डे जपून काढत होते, आणि कोणासाठी ते स्वतःलाही विचारलं नाही.

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम भेटतात. मार्चमध्ये पाणी उतरलेलं असतं, मोठमोठे खडक उघडे पडतात आणि पलीकडचा काठ छत्तीसगडचा. आई खडकावर बसून राहिली. "हेच दाखवाचं होतं त्यायले," एवढंच म्हणाली. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. बाबा गेले त्या दिवसापासून ती रडलीच नव्हती, आणि मला खरी भीती त्याचीच होती.

इथे मुक्काम करायचा तर आधी विचारून, कळवून करा. आम्ही जवळच्याच एका माडिया आदिवासींच्या वस्तीत पाटलांची परवानगी घेतली आणि जैनीबाईंच्या अंगणाबाहेर गाडी लावली. जैनीबाई आईच्याच वयाच्या, त्याही एकट्या. मराठी मोजकं बोलायच्या, पण दोघींचं लगेच जमलं. जेवणाला भात, आंबाडीची भाजी आणि पळसाच्या द्रोणात लाल चटणी होती. "मुंग्यायची," जैनीबाई म्हणाल्या. "तापाले चांगली."

आईने द्रोण हळूच खाली ठेवला. मी घाईघाईने सांगितलं की आमची आई मुंग्या मारत नाही, आमच्या गाडीत तर काळ्या मुंग्या आहेत आणि ती त्यांना साखर घालते. जैनीबाईंनी आईकडे नीट बघितलं.

"काळ्या कोणी खात नाई बाई," त्या म्हणाल्या. "लालच खातो आमी."

आईला केवढं हायसं वाटलं ते तिच्या खांद्यांवरून कळलं. दुसऱ्या दिवशी जैनीबाई आम्हाला गावाच्या शिवेवर घेऊन गेल्या. तिथे झाडांखाली उभे दगड होते, काही माणसाएवढे, काही गुडघ्याएवढे. इथे गेलेल्या माणसाचा दगड उभा करतात. एका दगडापाशी थांबून जैनीबाईंनी पायथ्याचा पाचोळा हाताने बाजूला केला. "हा माजा माणूस," त्या म्हणाल्या. मग आईला विचारलं, "तुमच्या माणसाचा कुठी आहे?"

"आमच्यात दगड नाई उभा करत."

"मग त्याले भेटाले कुठी जाता?"

आईने वाकून दगडापाशी उरलेला पाचोळा बाजूला केला. परत येताना ती मला म्हणाली, "इथी उतरवू त्यायले. कोणी औषध नाई मारत इथी."

ज्यांना मुंग्या न मारता घालवायच्या आहेत त्यांनी आता नीट वाचा, कारण हा उपाय मला कुठे लिहिलेला सापडला नाही. पलंगाखालचं प्लायवूड मी स्क्रू काढून उघडलं. थर्माकोल पोखरून आत हजारो मुंग्या आणि तांदळाच्या कणीएवढी पांढरी अंडी होती. उजेड आणि ऊन लागलं की मुंग्या आधी अंडी हलवतात. त्यांना जवळच अंधार आणि ओल मिळाली तर त्या तिकडेच जातात. जैनीबाईंनी एक फुटकं मडकं दिलं. त्यात ओली माती, पाचोळा आणि चिमूटभर साखर घालून ते शिवेवरच्या ऐनाच्या झाडाखाली आडवं ठेवलं. गाडी तिथवर नेली आणि कपड्यांची दोरी, जी मी इतकी जपून सोडवून ठेवली होती, पलंगाच्या पायापासून थेट मडक्यापर्यंत ताणून बांधली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक मुंगी तोंडात अंडं घेऊन दोरीवर चढली. तिच्या मागे दुसरी. उन्हं चढली तेव्हा सगळी दोरी काळी-पांढरी दिसत होती आणि हलत होती. आई दोरीशेजारी जमिनीवर बसली होती. वाऱ्याने दोरी हलली की ती हाताने धरायची. मधूनच म्हणायची, "सावकाश जा जी. घाई नाई." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला पुसायचंही भान नव्हतं. जैनीबाई तिच्या पाठीला पाठ लावून बसल्या आणि मोहाची फुलं निवडत राहिल्या. मी गाडीमागे जाऊन रडले.

संध्याकाळपर्यंत पलंगाखाली चुकार मुंग्या तेवढ्या उरल्या. त्याही आईने पळसाच्या पानावर घेऊन एकेक करून पोचत्या केल्या. मग मी पोखरलेला थर्माकोल काढून सगळ्या फटी बाबांच्या हत्यारपेटीतल्या सिलिकॉनने बंद केल्या. त्या रात्री आईने जैनीबाईंकडे भात मागून घेतला.

ठरल्याप्रमाणे मार्चअखेर नागपूरचं जोडपं गाडी न्यायला आलं. भली माणसं वाटली. नवरा इंजिन बघत होता, मी कागद काढत होते. तरुण बायकोने आत जाऊन पलंग उचलून पाहिला आणि आईला विचारलं, "काकू, मुंग्या-झुरळं काही नाही ना यात? आम्हाला लहान बाळ आहे."

बाबांना नेलं तेव्हा सगळी पुरुषमंडळी बरोबर गेली होती. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिरडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तिला आत नेलं होतं.

"होत्या मुंग्या," आईने त्या पोरीला सांगितलं. "आता नाई. मी स्वतः जाऊन पोचवून आली."