बदली माणूस चालणार नाही

आमच्या गावात सार्वजनिक काम निघालं की घरटी एक माणूस द्यायची पद्धत होती. बांध फुटला, रस्ता धुपला, की दवंडी व्हायची आणि प्रत्येक घरातून एकजण कुदळ-पाटी घेऊन जायचा. कुणी जायचं ते ज्या त्या घरानं ठरवायचं. ज्याच्यावाचून त्या दिवशी घरचं अडत नसेल त्याला पाठवायचं. हजेरी घराची लागायची, माणसाची नाही. या पद्धतीनं गावाची पुष्कळ कामं झाली. पुण्याचे डॉक्टर आले तेव्हा मात्र तिनंच आमचा घोटाळा केला.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षातली ही गोष्ट. आमचं गाव पारनेर तालुक्यात, नगर-पुणे रस्त्यापासून जरा आत. मी शेती सांभाळून गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मापं घेणं, दुधाचं फॅट तपासणं, हिशेब ठेवणं हे माझं काम. एक दिवस जीपमधून तीन माणसं उतरली: एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक यंत्र सांभाळणारा. डॉक्टर तरुण होते, उन्हानं रापलेले. शाळेच्या पटांगणात त्यांनी गाव गोळा केलं आणि सांगितलं, की खेड्यातल्या माणसांच्या हृदयाचा अभ्यास करायचा आहे.

एक म्हातारा मागून ओरडला, "आमच्या गावात कुनाचं काळीज बिघडत न्हाई, डाक्टर. बिघडलं तर मानूस मरतंय. मंग तुमी तपासनार कुनाला?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण म्हणाले, "बाबा, माझी अडचण तुम्ही बरोबर सांगितलीत. दवाखान्यात जो पोचतो तेवढाच मोजला जातो. जो इथंच राहतो, तो कुणाच्याच मोजणीत नाही. तो किती आहे, ते मला बघायचंय."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मोजलेल्या गोष्टींवर माझा रोजचा व्यवहार चाले. न मोजलेल्याही काही असतात आणि त्यांच्यासाठी कुणी पुण्याहून धूळ खात येतं, हे मला नवीन होतं.

सगळ्या गावाला तपासायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. म्हणून मोठ्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि एका घागरीत घालून सगळ्यांसमोर काढल्या. आमच्या घरातून माझ्या बायकोचं नाव निघालं.

आईनं ते ऐकलं आणि लगेच निकाल दिला. "घरटी एक मागितलंय ना? मंग थोरली जाईल. तिचं गुडघं दुखत्यात, काय गोळ्या-बिळ्या दिल्या तर तेवढंच. धाकलीला कसं सोडायचं? धारा कोन काढनार?"

थोरली म्हणजे माझी वहिनी, धाकली म्हणजे माझी बायको. घरातलं निम्मं काम धाकलीच्या अंगावर होतं. ती ते करायची, पण थांबत थांबत. विहिरीवरून पाणी घेऊन चढताना मध्ये बसायची. रात्री तिला आडवं झोपवत नसे, म्हणून भिंतीला घोंगडी लावून बसल्या-बसल्या डोळा लावायची. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर हे वाढलं होतं. आई म्हणायची, हिला पहिल्यापासून दमच नाही. आम्ही सगळे तेच म्हणत होतो. लंगडणाऱ्या माणसाचं लंगडणं जसं घराच्या अंगवळणी पडतं, तसं ते झालं होतं.

तेव्हा वहिनी नवं लुगडं नेसून शाळेत गेली. मी दुधाचे कॅन चढवून तिथं पोचलो, तर टेबलापाशी तिची आणि डॉक्टरांची जुंपली होती.

"वय काय तुमचं?"

"लिव्हलंय की तिथं."

"इथं बत्तीस लिहिलंय."

"मंग तेवढंच आसंल."

"तुमचा मोठा मुलगा केवढा आहे?"

"त्याचं औंदा लगीन हाय. या की जेवायला."

रांगेत हशा पिकला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना शंका आली असावी, कारण त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. निम्मी रांग बदली निघाली. एकजण आपल्या बापाऐवजी स्वतःच आला होता, कारण बाप खोकत होता आणि चारचौघांत बरं दिसलं नसतं. गावातला नावाजलेला पैलवान आपल्या आजारी चुलत्याच्या जागी दंड चोळत उभा होता. गावाची इज्जत राहावी, म्हणून चांगली-चांगली माणसं पुढं केली होती.

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. ते पायरीवर बसले आणि पाणी प्याले. मग जीप तिथंच ठेवून चिठ्ठीत निघालेल्या एकेका घराकडे पायी निघाले. आमच्या ओट्यावर ते दुपारी आले.

"आजी, तुमच्या धाकट्या सूनबाईंचं नाव निघालं होतं."

"थोरलीला धाडली की. एकाच घरातल्या हायेत दोगी. एकच चूल, एकच पानी."

"पण हृदय एक नाही ना, आजी."

आईला हे पटलं नाही. "आवो, रस्त्याच्या कामाला कुनीबी चालतंय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही दूध सोसायटीत आहात ना? कॅनमधलं दूध कसं तपासता?"

मी म्हणालो, "ढवळून पळीभर नमुना घेतो."

"आणि शेतकरी म्हणाला, या कॅनचा नमुना घेऊ नका, शेजारच्या म्हशीचं दूध चांगलं आहे, त्याचा घ्या, तर?"

त्या पळीभर दुधावर अख्ख्या कॅनचा भाव मी रोज ठरवत होतो. ती पळी कुठूनही भरता येत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण घागरीतल्या मूठभर चिठ्ठ्या म्हणजे माझ्या गावाची पळी आहे, आणि तेवढ्यावरून कितीतरी गावांच्या छातीतलं कळू शकतं, हे त्या ओट्यावर पहिल्यांदा ध्यानात आलं.

"बरं, येईल ती," मी म्हणालो.

"तुम्ही नका सांगू," डॉक्टर म्हणाले. "त्यांना विचारायचंय."

बायको दाराआड उभी होती. ती उंबऱ्यापर्यंत आली. डॉक्टर उठून उभे राहिले. आमच्या घरी आलेला कुणी साहेब तिच्यासाठी उठून उभा राहिलेला मी आधी पाहिला नव्हता.

"ताई, हा अभ्यास आहे. यात औषध नाही, उपचार नाही. तुमचा फायदा होईलच असंही नाही. काही आढळलं तर मी तुम्हाला खरं ते सांगेन. यायचं नसेल तर नाही म्हणा, कुणी काही म्हणणार नाही."

तिनं विचारलं, "मी न्हाई आले तर माझ्या जागी कोन?"

"कुणीच नाही. तेवढी जागा रिकामी राहील."

"दुसरं मानूस घालनार न्हाई?"

"नाही. बदली माणूस चालणार नाही."

तिला धारेला थोरली बदली होती, भाकरीला आई, पाण्याला शेजारची पोर. ती आजारी पडली तरी घर चालत होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

"येते मी," ती म्हणाली. मग आईकडे बघून, "आत्याबाई, आजच्या धारा थोरल्या जाऊबाई काढतील."

वहिनी आतून म्हणाली, "काढते बाई. माझं काळीज काय कुनाला नकोच हाय."

शाळेच्या एका खोलीत चादरीचा आडोसा केला होता. सिस्टरनं तिला बाकावर निजवलं, हातापायांना पट्टे बांधले. यंत्र लहानशा पेटीएवढं होतं, त्यातून कागद सरकत यायचा आणि त्यावर एक सुई रेघ काढायची. पण रेघ काही नीट येईना. शाळेच्या पत्र्यावरून विजेच्या तारा जात होत्या, त्यांच्यामुळे सुई नुसती थरथरत होती. शेवटी वायरमनला सांगून लाइन बंद केली. रानातल्या मोटारी एकापाठोपाठ एक बंद पडल्या. पिठाची गिरणी थांबली. गाव इतकं शांत झालेलं मी दिवसाउजेडी कधी ऐकलं नव्हतं.

त्या शांततेत सुई चालू लागली. एक लहान टेकडी, मग एक उंच सुळका, मग एक गोल चढ, मग सपाट. पुन्हा तेच. बायकोनं मला आडोशाच्या आत बोलावून घेतलं होतं, ती एकटी राहायला तयार नव्हती. मी कागद बघत होतो. ती निश्चल पडली होती आणि तिच्या आतलं काहीतरी स्वतःच्या हातानं लिहीत होतं. त्याला तिचा हुकूम लागत नव्हता, माझा तर नाहीच.

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. तिला डाव्या कुशीवर वळायला सांगून पुन्हा ऐकलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, विचारलं. आला होता. त्यांनी मान हलवली आणि नळी माझ्या कानात घातली. "ऐका."

आधी खट्‌ असा एक ठोका. मग, लांबवर कुणीतरी भरली बैलगाडी खडीवरून नेतंय, तशी घरघर. पुन्हा खट्‌. पुन्हा गाडी.

"हृदयात रक्ताला जायला एक दार असतं," डॉक्टर म्हणाले. "यांचं दार त्या तापानं आखडलंय. रक्त तेवढ्याशा फटीतून ढकलावं लागतं, म्हणून धाप लागते. दमच नाही असं म्हणतात ना घरी? उलट आहे. या हृदयात दम भरपूर आहे, म्हणून ते इतकी वर्षं चाललंय."

तिनंही ऐकायला मागितलं. ऐकताना तिचे डोळे मोठे झाले. "हे रातीबी चालू आसतं?"

"रात्रीही."

मी मनातल्या मनात गुणाकार करू लागलो. मिनिटाचे ठोके, तासाचे, दिवसाचे. एका दिवसात आकडा लाखापलीकडं गेला. मग वर्षांनी गुणायचं होतं, ते मी सोडून दिलं. आकड्यांपुढे हात टेकायची माझी ती पहिली वेळ.

दार उघडून देता येतं, पण त्याला पुण्यात ऑपरेशन करावं लागेल, नाही केलं तर फार वर्षं निघणार नाहीत, आणि केलं तर त्यातही जिवाला धोका आहे, हे सगळं त्यांनी तिथंच तिला सांगितलं. घरी आल्यावर आई रडली. "छाती फाडून कुनी बरं झालंय व्हय?" बायको म्हणाली, "आत्याबाई, मी आयकलंय ते. तुमी आयकलं न्हाई. ते लई कष्टात हाय."

सुगी उरकल्यावर आम्ही एस.टी.नं गेलो. अभ्यासवाल्या डॉक्टरांनीच आम्हाला ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडं नेलं. ते वयस्कर होते आणि कमी बोलत. मी विचारलं, उघडणार कशानं? मला वाटलं काही बारीक हत्यार असेल. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी वर केली.

"यानं."

मला समजलं नाही, तसं त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. बरगड्यांमधून वाट करायची. हृदयाच्या बाजूला कानाच्या पाळीसारखा एक भाग असतो, तिथून बोट आत घालायचं. दार चाचपायचं आणि बोटानंच फाकवायचं. दिसत काही नाही, सगळं स्पर्शावर.

"आणि तेवढा वेळ हृदय थांबवायचं?"

"नाही. ते चालूच असतं. बोटाभोवती."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. मला रेड्याच्या, बैलाच्या अंगातली ताकद माहीत होती. चालत्या रहाटात बोट अडकलेला माणूस मी पाहिला होता. पण धडधडत्या हृदयात कुणी आपणहून बोट घालतो, दार उघडतो आणि बोट परत घेतो, याची कल्पना मला करता येत नव्हती. आजही नीटशी येत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी त्याच बाकावर होतो. आत तिचं काय होतंय, याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं. सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "उघडलं. चांगलं उघडलं."

दुसऱ्या दिवशी मला तिच्याजवळ जाऊ दिलं. छातीभोवती पट्ट्या, नाकात नळी. पण ओठ गुलाबी होते. तिचे ओठ सावळेच असतात असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

सर्जन फेरीवर आले. त्यांना बघून तिनं काहीतरी पुटपुटलं. ते खाली वाकले. "काय म्हणता?"

"तुमच्या बोटाला काय लागलं न्हाई ना?"

सिस्टर हसली. सर्जन हसले नाहीत. त्यांनी हात पुढं करून बोट तिला दाखवलं. साधं बोट, नख आखूड कापलेलं, पेराजवळ एक जुना व्रण. तिनं ते आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि सोडलंच नाही. पुढच्या खाटांवरचे पेशंट त्यांची वाट बघत होते, तरी त्यांनीही ते ओढून घेतलं नाही.